कॉक्लियर इम्प्लांट : बोलणे किती कळते, या एकाच कसोटीवर

कॉक्लियर इम्प्लांट म्हणजे अंतःकर्णात तार बसवून श्रवणचेतेला, म्हणजे कानातून मेंदूकडे जाणाऱ्या नसेला, थेट विजेचे संकेत देणारे उपकरण. त्याबद्दल मराठीत जे लिहिलेले सापडते, ते बहुतेक लहान मुलांविषयी असते आणि मूल पहिल्यांदा आवाजाकडे वळून पाहते तिथेच ते संपते. मोठेपणी ऐकू येणे गेलेल्या माणसाचा प्रश्न वेगळा असतो. आवाज येईल, हे त्याला डॉक्टर सांगतातच. त्याला जाणून घ्यायचे असते ते एवढेच, की समोरचा काय बोलतो ते कळेल का, किती कळेल, कुठे कळेल आणि कुठे मुळीच कळणार नाही. चाळिशीनंतर माझे ऐकणे हळूहळू कमी होत गेले, आणि जास्त क्षमतेच्या श्रवणयंत्रानेही शब्द उमगेनासे झाले तेव्हा मी उजव्या कानात हे उपकरण बसवून घेतले. त्याला आता काही वर्षे झाली आहेत. शस्त्रक्रिया, टाके, रुग्णालयातली खोली यांविषयी येथे काही नाही. पैसे मोजून घेतलेल्या या वस्तूने बोलणे कितपत कळू लागले, एवढाच या अभिप्रायाचा विषय आहे.

माझा संच कोणत्या कंपनीचा, हे मी मुद्दाम लिहीत नाही. आपल्याकडे प्रामुख्याने ऑस्ट्रेलियाची कॉक्लियर, ऑस्ट्रियाची मेड-एल आणि अमेरिकेत सुरू होऊन पुढे स्वित्झर्लंडच्या सोनोव्हा समूहात गेलेली ॲडव्हान्स्ड बायोनिक्स यांची उपकरणे बसवली जातात. खरेदीच्या वेळी पहिला आकडा पुढे येतो तो इलेक्ट्रोडचा, म्हणजे आतल्या तारेवरच्या वीज देणाऱ्या ठिपक्यांचा : पहिल्या कंपनीचे २२, दुसरीचे १२, तिसरीचे १६. ग्राहकाला साहजिकच वाटते की २२ म्हणजे १२ च्या जवळपास दुप्पट. प्रत्यक्षात अंतःकर्णातल्या द्रवामधून वीज आजूबाजूला पसरते, शेजारशेजारच्या इलेक्ट्रोडचे क्षेत्र एकमेकांत मिसळते, आणि बोलणे समजण्याच्या दृष्टीने बहुतेकांना मिळणाऱ्या वेगळ्या वाहिन्या, म्हणजे माहिती पोहोचवणाऱ्या स्वतंत्र वाटा, आठाच्या आसपासच राहतात. एकाच कंपनीचा, एकाच जातीचा संच बसवलेल्या दोन माणसांत जेवढा फरक पडतो, तेवढा कंपन्या-कंपन्यांत पडत नाही. बहिरेपणा किती वर्षांचा होता, श्रवणचेता कितपत शाबूत आहे, इलेक्ट्रोडची तार आत कशी बसली आहे आणि नंतर मॅपिंग, म्हणजे प्रत्येक इलेक्ट्रोडच्या विजेची जुळणी, कोणी व कसे केले, यांवर निकाल ठरतो, आणि यांतली एकही गोष्ट माहितीपत्रकात छापलेली नसते.

उपकरणाचे काम थोडक्यात असे. कानामागच्या प्रोसेसरमधला मायक्रोफोन आवाज घेतो, प्रोसेसर त्याचे खालच्या सुरापासून वरच्या सुरापर्यंत पट्टे पाडतो, प्रत्येक पट्ट्यातला जोर क्षणाक्षणाला कसा चढतो-उतरतो ते मोजतो आणि तो हिशेब डोक्यावर बाहेरून चिकटणाऱ्या कॉइलमधून, त्वचेच्या आरपार, रेडिओ लहरींनी आतल्या भागाकडे पाठवतो. आत कॉक्लियात, म्हणजे शंखासारख्या सुमारे अडीच वेढ्यांच्या नळीत सरकवलेली तार त्या-त्या ठिकाणच्या चेतातंतूंना विजेचे सूक्ष्म ठोके देते; नळीच्या तोंडाशी वरचे सूर, आत खोलवर खालचे. निरोगी कानात हे काम आवाज टिपणाऱ्या सुमारे ३,५०० आतल्या केसपेशी आणि सुमारे ३०,००० तंतू करतात. त्यांच्या जागी एक-दोन डझन ठिकाणे आली, तर मधले पुष्कळ काही गळणार हे उघडच आहे. आश्चर्य याचे वाटते, की तरीही बोलणे कळते.

ते का कळते, याचे उत्तर या उपकरणाच्या इतिहासातच आहे. पॅरिसमध्ये आंद्रे जूर्नो आणि शार्ल एरिएस यांनी १९५७ मध्ये एका बहिऱ्या माणसाच्या श्रवणचेतेला पहिल्यांदा विजेने जागे केले; अमेरिकेत विल्यम हाऊस यांनी १९६१ पासून एकाच वाहिनीचे उपकरण घडवत नेले आणि १९८४ मध्ये त्याला तिथल्या औषध प्रशासनाची मान्यता मिळाली. त्या एका वाहिनीने दार वाजलेले, गाडीचा भोंगा, बोलण्याची लय हे सारे कळत असे आणि ओठ वाचायला चांगली मदत होत असे, पण ओठ न पाहता वाक्य समजणे फारच थोड्यांना जमले. मेलबर्नमध्ये ग्रॅमी क्लार्क यांनी १९७८ मध्ये अनेक वाहिन्यांचे उपकरण बसवले आणि तेव्हापासून आवाज व बोलणे यांच्यातले अंतर खऱ्या अर्थाने कमी होऊ लागले. पुढे १९९१ मध्ये ब्लेक विल्सन आणि सहकाऱ्यांनी सगळ्या इलेक्ट्रोडना एकदम वीज न देता एकामागून एक, अतिशय वेगाने ठोके देण्याची पद्धत मांडली, त्यामुळे शेजारच्या वाहिन्यांची सरमिसळ कमी झाली. आजचे सगळे प्रोसेसर याच कल्पनेच्या वंशातले आहेत. क्लार्क, विल्सन आणि मेड-एलच्या इंगेबोर्ग होखमायर या तिघांना वैद्यकशास्त्रातला मानाचा लास्कर पुरस्कार २०१३ मध्ये मिळाला तो याच कामासाठी. रॉबर्ट शॅनन यांच्या गटाने १९९५ मध्ये केलेला प्रयोगही येथे सांगण्यासारखा आहे : चांगले ऐकू येणाऱ्यांना त्यांनी बोलण्याचा सूर काढून टाकून केवळ चार पट्ट्यांतला चढउतार, खरखरीच्या रूपात ऐकवला, आणि शांत खोलीत, थोड्या सरावानंतर त्यांना वाक्ये जवळजवळ पूर्ण समजली. बोलण्यात गरजेपेक्षा इतकी जास्त माहिती भरलेली असते, की बरीच गळूनही अर्थ पोहोचतो. मात्र या वाक्यातले ‘शांत खोलीत’ हे दोन शब्द फार महत्त्वाचे आहेत, आणि उपकरणाबद्दलच्या माझ्या बहुतेक तक्रारी त्यांच्याशी येऊन ठेपतात.

मराठी कानावर पडते तेव्हा काय टिकते आणि काय गळते, हे मी बारकाईने पाहिले आहे. चढउतारातून कळणारे सगळे टिकते. घोष (‘ब’सारखे) आणि अघोष (‘प’सारखे), नाकातला आवाज आणि तोंडातला, झटक्यात फुटणारे व्यंजन आणि घासत जाणारे व्यंजन यांतले भेद चांगले कळतात. ‘पार’, ‘बार’, ‘मार’, ‘भार’ हे चार शब्द मला डोळे मिटून सांगता येतात. जे भेद जीभ तोंडात कुठे टेकली यावर अवलंबून असतात ते मात्र सुरांच्या बारीक रचनेत असतात, आणि नेमकी तीच रचना या एक-दोन डझन ठिकाणांत मावत नाही. ‘पान’, ‘तान’ आणि ‘कान’ सुटे म्हटले तर माझा अंदाज चुकतो. ‘मन’ आणि ‘मण’, ‘काल’ आणि ‘काळ’, ‘वेल’ आणि ‘वेळ’ यांत मी कानाने भेद करते असा दावा करणार नाही. वाक्य भेद करून देते. ‘वेळ झाली’ ऐकताना वेल कुणाच्या मनात येत नाही. ‘स’ आणि ‘श’ मात्र आता मला पूर्वीच्या श्रवणयंत्रापेक्षा कितीतरी स्पष्ट येतात, कारण श्रवणयंत्राने वरचे सूर कितीही मोठे केले तरी ते घ्यायला केसपेशीच उरल्या नव्हत्या आणि इम्प्लांट त्यांना वळसा घालून थेट चेतेपर्यंत जाते. कित्येक वर्षांनी ‘बस’, ‘दिवस’, ‘पाऊस’ या शब्दांचे शेपूट ऐकू आले, हा या खरेदीचा मला मिळालेला सर्वांत रोकडा लाभ.

कानाला जे अवघड तेच ओठांवर दिसते आणि ओठांवर जे दिसत नाही तेच कानाला सोपे, ही जोडी इतकी चपखल बसते की उपकरणाची किंमत ठरवताना चेहरा दिसणे-न दिसणे हा वेगळा रकाना ठेवावा लागतो. ‘पार’ आणि ‘बार’ ओठांवर हुबेहूब सारखे दिसतात, पण कान ते वेगळे करतो. ‘पान’ आणि ‘कान’ कानाला सारखे, पण ओठ मिटले की नाही ते दिसते. म्हणून समोर बसून, उजेडात, एकाच माणसाशी बोलताना मला आज जवळजवळ काहीही चुकत नाही. भरघोस मिशांचे गृहस्थ, तोंडावर पदर किंवा हात धरून बोलायची सवय असलेल्या बायका आणि खिडकीकडे पाठ करून बसणारे, म्हणजे ज्यांचा चेहरा अंधारात जातो ते, हे तीन वर्ग अपवाद समजावेत. करोनाच्या काळातल्या मास्कने आम्हा मंडळींचे किती हाल केले ते निराळे सांगायला नको.

मराठीच्या वाक्यरचनेने आणखी एक अडचण होते, ती मला कोणत्याही माहितीपत्रकात आढळली नाही. आपले क्रियापद वाक्याच्या शेवटी येते आणि नकारही शेवटीच येतो. बोलणारा मात्र शेवटाकडे येता येता आवाज खाली सोडतो. ‘मी उद्या सकाळी येणार’ इथपर्यंत ठणठणीत ऐकू येते आणि पुढचे ‘आहे’ की ‘नाही’ हे पंख्याच्या आवाजात विरून जाते. नेमका निर्णयच हरवतो. प्रश्नाचेही तसेच. बोलण्याचा मूळ सूर वर गेला की खाली आला, हे उपकरण फार ढोबळ पोहोचवते, त्यामुळे ‘चहा घेतलात’ हे विधान आहे की विचारणा ते माझ्या कानाला कळत नाही. माझ्या जाऊबाईंनी विचारलेल्या अशा पुष्कळ प्रश्नांना मी सुरुवातीला नुसती मान डोलावून गप्प बसले आणि त्यांचा माझ्याविषयी गैरसमज व्हायची वेळ आली. आता घरातले सगळे ‘घेतलात का?’ असे ‘का’ लावून विचारतात. एका अक्षराने काम होते.

आता सेवेविषयी, कारण या वस्तूत निम्मी किंमत सेवेची आहे असे माझे मत झाले आहे. शस्त्रक्रियेनंतर दोन ते चार आठवड्यांनी, जखम भरल्यावर, प्रोसेसर पहिल्यांदा सुरू करतात. त्याला सगळे ‘स्विच ऑन’ म्हणतात. त्या दिवशी मला बायका, पुरुष आणि मुले सगळी एकाच चिरक्या, पातळ आवाजात बोलताना ऐकू आली आणि शब्द जवळजवळ एकही लागला नाही. हे बहुतेकांच्या बाबतीत असेच होते आणि त्यात उपकरणाचा दोष नसतो. मेंदूला या नव्या संकेतांचे जुन्या शब्दांशी नाते जुळवायला वेळ लागतो. सर्वांत जास्त सुधारणा पहिल्या तीन ते सहा महिन्यांत होते आणि पुढेही वर्षभर थोडीथोडी होत राहते. या काळात ऑडिओलॉजिस्ट, म्हणजे श्रवणतज्ज्ञ, मॅपिंग करतात, म्हणजे प्रत्येक इलेक्ट्रोडला किती वीज दिली की आवाज जेमतेम जाणवतो आणि किती दिली की मोठा पण सोसवेल इतका वाटतो, या दोन पातळ्या ठरवतात. निरोगी कानाचा कमीत कमी आणि जास्तीत जास्त यांतला पल्ला १२० डेसिबलच्या आसपास असतो. विजेने जागवलेल्या चेतेचा पल्ला १० ते २० डेसिबलच असतो. जगातले सगळे लहान-मोठे आवाज या अरुंद पट्टीत दाबून बसवायचे असल्याने, पातळ्या थोड्या जरी चुकल्या तरी हळू बोलणे नाहीसे होते किंवा सगळेच कर्कश होते.

ज्या केंद्रात मी सुरुवातीला जात होते, तिथे प्रत्येक इलेक्ट्रोड तपासण्याऐवजी मधले चार-दोन तपासून बाकीच्यांचे आकडे संगणकाकडून अंदाजाने भरून घेत असत आणि मग ‘आता कसे वाटते?’ एवढे विचारून पुढचा रुग्ण आत घेत. केंद्राचे नाव येथे लिहीत नाही. गर्दी आणि अपुरी माणसे हे त्याचे खरे कारण असावे. दुसऱ्या केंद्रातल्या ऑडिओलॉजिस्ट बाईंनी एकेक इलेक्ट्रोड सुटा वाजवून पाहिला, शेजारच्या दोहोंचा आवाज सारख्याच जोराचा वाटतो का हे जुळवले आणि गालाला झिणझिण्या देण्यापलीकडे काहीच न करणारा एक इलेक्ट्रोड बंद करून टाकला. इलेक्ट्रोड एक कमी झाला आणि शब्द जास्त कळू लागले. संच घेण्यापूर्वी ज्या चौकशा लोक कंपनीविषयी करतात, त्या सगळ्या मॅपिंग करणाऱ्या माणसाविषयी कराव्यात, असे मी तेव्हापासून भेटेल त्याला सांगते : एका भेटीला किती वेळ देतात, प्रत्येक इलेक्ट्रोड मोजतात का, आणि शब्दांची चाचणी घेतात का.

या शेवटच्या प्रश्नावर थोडे थांबायला हवे. बहुतेक केंद्रे इम्प्लांटनंतर जो आलेख हातात देतात, तो ऑडिओग्राम असतो. त्यात २५ ते ३० डेसिबलवर एक सरळ रेघ दिसते आणि ती पाहून घरचे लोक म्हणतात, आता तर नॉर्मलच झाले. तो आलेख एवढेच सांगतो की तेवढा बारीक आवाज जाणवतो. आवाज जाणवला म्हणून शब्द कळला असे होत नाही, आणि तेवढ्या चांगल्या रेषेचा माणूस सुट्या शब्दांत निम्मेही गुण मिळवू शकत नाही असे सर्रास घडते. खरी परीक्षा तीन पायऱ्यांची हवी : शांत खोलीत, ओठ न दाखवता, सुटे छोटे शब्द, मग वाक्ये, मग तीच वाक्ये मागे गोंगाट लावून, बोलणे गोंगाटापेक्षा १० डेसिबल मोठे आणि नंतर ५ डेसिबल मोठे ठेवून. वाक्यांचे गुण सुट्या शब्दांपेक्षा नेहमीच जास्त येतात, कारण भाषा येणाऱ्याला निम्मे शब्द कळले तरी उरलेले भरता येतात. म्हणून कोणी ‘९० टक्के समजते’ असे सांगितले तर ते वाक्यांचे की शब्दांचे, शांततेतले की गोंगाटातले, हे विचारल्याशिवाय त्या आकड्याला अर्थ नाही. माझे शांततेतल्या वाक्यांचे गुण मलाही भूषणावह वाटतात. गोंगाटातल्या वाक्यांचे मी कुणाला दाखवत नाही.

गोंगाटात हे उपकरण उघड उघड कमी पडते. चांगल्या कानाचा माणूस बोलण्यापेक्षा गोंगाट मोठा असतानाही बोलणे उचलतो. इम्प्लांटवाल्याला बोलणे गोंगाटाच्या बरेच वर असावे लागते. एका सुरातला आवाज, म्हणजे पंखा, मिक्सर, गाडीचे इंजिन, हा आजचे प्रोसेसर चांगलाच दाबतात. दहा माणसांच्या गलक्यातून एका माणसाचे बोलणे वेगळे काढणे त्यांना जमत नाही, कारण दोन आवाज वेगळे धरायला लागणारा सूरच त्यांनी सुरुवातीला टाकून दिलेला असतो. त्यात घुमणाऱ्या खोल्यांची भर पडते. आपल्या घरांत फरशी, गुळगुळीत भिंती, मोजके पडदे. बोललेले अक्षर भिंतींवरून परत येऊन पुढच्या अक्षरावर सांडते आणि चढउतारांमधल्या ज्या रिकाम्या जागांवर आमचे सगळे समजणे अवलंबून असते त्या भरून निघतात. मंगल कार्यालय हे या दृष्टीने सर्वांत वाईट ठिकाण : उंच छत, फरशी, सनईचे ध्वनिवर्धक आणि पंगतीचा कल्ला. तिथे मी आता समजून घेण्याचा प्रयत्नच करत नाही, भेटून, हसून, जेवून येते. हॉटेलात मात्र जागा निवडता येते. प्रोसेसरचे मायक्रोफोन समोरच्या दिशेचा आवाज जास्त घेतात, तेव्हा बोलणारा समोर आणि गल्ला पाठीमागे, आणि माझे इम्प्लांट उजवीकडे असल्याने मी टेबलाच्या डाव्या टोकाला, असे बसले की निदान दोन माणसांचे नीट कळते.

पैशाच्या मानाने सर्वांत जास्त उपयोगी पडलेली जोडवस्तू म्हणजे बोलणाऱ्याने गळ्याजवळ लावायचा छोटा बिनतारी मायक्रोफोन. तो स्वस्त नाही आणि मूळ संचात बहुधा मिळतही नाही, परंतु अंतर निम्मे झाले की मोकळ्या जागेत आवाज ६ डेसिबलने वाढतो या साध्या हिशेबाने, व्यासपीठावरचा वक्ता माझ्या कानाशी येऊन बोलू लागतो. सोसायटीच्या सभेत मी तो अध्यक्षांपुढे ठेवते. वक्त्याला मायक्रोफोन लावायला सांगण्याचा संकोच हा त्याचा एकमेव दोष, आणि तो वस्तूचा नव्हे.

फोनबद्दल लोक सर्वांत जास्त विचारतात. साध्या जुन्या फोनवरून आवाजाचा ३०० ते ३,४०० हर्ट्झ एवढाच पट्टा येतो आणि ‘स’चा मुख्य जोर त्याच्या वर असतो, म्हणून फोनवर तो वर्ण फिका पडतो. इंटरनेटवरून केलेल्या कॉलमध्ये हा पट्टा रुंद असतो आणि फरक स्पष्ट जाणवतो. कॉक्लियर कंपनीने २०१७ मध्ये न्यूक्लियस ७ हा आयफोनमधून थेट आवाज घेणारा प्रोसेसर आणला, आणि आता अशी सोय इतर कंपन्यांकडेही आहे. फोन कानाला लावण्याऐवजी आवाज सरळ प्रोसेसरमध्ये आला की खोलीचा गोंगाट आणि घुमणे दोन्ही वगळले जातात. ओळखीच्या माणसाशी, माहीत असलेल्या विषयावर मी फोनवर निवांत बोलते. अनोळखी माणूस, घाईचे बोलणे आणि आकडे हे तिन्ही एकत्र आले, म्हणजे कुरिअरवाला किंवा बँक, की अडते. मराठी आकडे तर आमच्या कानांची परीक्षा पाहायलाच घडवले असावेत : ‘पंचवीस’ आणि ‘पस्तीस’, ‘सदुसष्ट’ आणि ‘अडुसष्ट’, ‘सत्तावन्न’ आणि ‘अठ्ठावन्न’. वाक्य मदतीला येत नाही, कारण दोन्ही आकडे तितकेच शक्य असतात. जन्म बँकेच्या काउंटरवर गेलेला असूनही मी आता ‘एकेक अंक सांगा’ असे म्हणते आणि ऐकलेला अंक परत म्हणून दाखवते.

गाण्याची अपेक्षा ठेवून कुणी हे घेऊ नये. ठेका उत्तम कळतो, तबल्याची आणि ढोलकीची लय पूर्वीइतकीच धरता येते, पण पेटीवरचे शेजारचे दोन स्वर मला एकसारखेच लागतात. शब्द ओळखीचे असले की गाणे ओळखू येते, नुसती चाल वाजवली तर नाही. येथे डाव्या कानातले श्रवणयंत्र कामी येते. त्या कानात खालच्या सुरांचे थोडे ऐकणे उरले आहे, शब्द कळण्याइतके मुळीच नाही. पण बोलणाऱ्याच्या आवाजाची उंची त्याच पट्ट्यात असल्याने, इम्प्लांटने दिलेल्या शब्दांना श्रवणयंत्र सूर जोडते आणि दोन्ही मिळून जे ऐकू येते ते माणसाच्या आवाजासारखे असते. गोंगाटातही दोन्ही असताना एकट्या इम्प्लांटपेक्षा जास्त कळते. ज्यांच्या दुसऱ्या कानात असा अंश उरला आहे त्यांनी ‘त्या कानाचा आता काय उपयोग’ म्हणून यंत्र काढून ठेवू नये.

सरावाविषयी केंद्रातून मिळणारे मार्गदर्शन प्रौढांच्या बाबतीत तोकडे आहे. लहान मुलांसाठी शहरांत वाचा व श्रवण प्रशिक्षणाची थोडीफार सोय असते. मोठ्यांना ‘घरी बोलत राहा’ असे सांगून वाटेला लावतात. मी आकाशवाणीच्या मराठी बातम्या आणि हातात वर्तमानपत्र असा सराव केला, कारण निवेदक स्पष्ट बोलतात आणि विषय आधी माहीत असतात. मग घरातल्या कुणीतरी ओठांपुढे कागद धरून शब्द वाचायचे, आधी यादी माझ्यासमोर ठेवून आणि नंतर न ठेवता. थेट फोनमधून ऐकलेली ध्वनिपुस्तके, छापील पुस्तक उघडे ठेवून, हे सर्वांत फलदायी ठरले. ज्या कानात इम्प्लांट आहे त्या एकाच कानाने, दुसरे यंत्र काढून, रोज काही वेळ ऐकणे गरजेचे आहे, नाहीतर मेंदू जुन्या ओळखीच्या कानावर विसंबून राहतो.

देखभालीतल्या दोन गोष्टी थेट समजण्याशी निगडित आहेत. मायक्रोफोनवरची बारीक जाळी घाम, तेल आणि धुळीने हळूहळू बुजते, वरचे सूर आधी जातात आणि आपल्याला वाटते की लोकच अस्पष्ट बोलू लागले आहेत. ती जाळी दर काही महिन्यांनी बदलावी लागते. पावसाळ्यात प्रोसेसर रात्री सुकवणीच्या डबीत ठेवलाच पाहिजे, विशेषतः कोकणात आणि मुंबईत. हेल्मेट घालताना कॉइल निसटते, तेव्हा पातळ अस्तराचे, एक माप मोठे हेल्मेट घ्यावे लागले. समजणे अचानक किंवा हळूहळू घसरले आणि मॅप बदलूनही सुधारले नाही, तर आतला भाग तपासायला सांगावे. २०११ मध्ये कॉक्लियरने सीआय ५०० ही मालिका आणि २०२० मध्ये ॲडव्हान्स्ड बायोनिक्सने हायरेस अल्ट्राची सुरुवातीची आवृत्ती बाजारातून परत घेतली होती, म्हणजे आतला भाग बिघडतच नाही असे समजण्याचे कारण नाही. त्याची हमी साधारण १० वर्षांची असते, बाहेरच्या प्रोसेसरची त्याहून पुष्कळ कमी, आणि पुढच्या प्रोसेसरसाठी आतापासून पैसे बाजूला टाकावे लागतात.

खर्च काही लाखांत जातो. दिव्यांगांना साहाय्यक उपकरणांसाठी मदत देणाऱ्या केंद्र सरकारच्या एडिप योजनेत २०१४ पासून लहान मुलांसाठी इम्प्लांटचा समावेश आहे आणि वांद्र्याची अली यावर जंग राष्ट्रीय संस्था त्याचे काम पाहते. भाषा घडण्याच्या वयात उपकरण मिळणे किती निकडीचे आहे हे लक्षात घेता हा क्रम योग्यच म्हणावा लागेल. मोठ्यांना मात्र बहुधा पदरचेच घालावे लागतात. ज्यांना चांगल्या श्रवणयंत्रानेही शांत खोलीत निम्मी वाक्ये कळत नाहीत आणि ज्यांचा बहिरेपणा फार जुना नाही, त्यांना मी हा खर्च करायला सांगेन. ज्यांना शांततेत सगळे समजते आणि तक्रार फक्त लग्नसमारंभांची आहे, त्यांना सांगणार नाही.

डाव्या कानातही बसवा, असे मला दर तपासणीला सुचवले जाते. दोन्ही बाजूंनी ऐकू आल्याने आवाज कुठून आला ते कळेल आणि बोलणारा डावीकडे असला तरी अडणार नाही, हे मला मान्य आहे. पण शस्त्रक्रियेत त्या कानातले उरलेले खालचे सूर जाण्याची शक्यता असते आणि जाऊबाईंचा आवाज नणंदेच्या आवाजाहून वेगळा वाटतो तो त्याच सुरांमुळे. त्या कानाचा आलेख दर वर्षी काढून घेते. २५० आणि ५०० हर्ट्झवरची रेघ जिथे आहे तिथेच राहिली, तोवर तिथे श्रवणयंत्रच राहील.